नऊ विमानं आणि कुलपातली पिशवी

अक्कलकुव्याच्या बाजारात किशनलाल शेठचं किराणा दुकान आहे. तिथे गुळाची ढेप फोडता फोडता शेठाणी लाडकंवरबाई मधेच हात थांबवून वर बघत राहतात, याची गिऱ्हाइकांना आता सवय झाली आहे. वर असून असून काय असणार? सुरतेकडे नाहीतर मुंबईकडे चाललेल्या एखाद्या विमानाची पांढरी रेघ. बाई ती रेघ संपेपर्यंत बघतात आणि नाक मुरडून म्हणतात, "सरळच चाललंय. सरळ काय, कुणीही जाईल."

बाईंचं विमानांचं वेड हे असं आहे. सरळ जाणारं विमान त्यांच्या लेखी एसटीसारखंच, फक्त जरा उंचावरून जाणारं. त्यांना हवीत ती हवाई दलाची कसरत करणारी विमानं, पंखाला पंख लावून उलटीसुलटी होणारी.

त्यांचं माहेर जोधपूरजवळचं. लग्नाच्या आदल्या वर्षी त्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या आणि पाच विमानं डोक्यावरून गेली. गेली ती सरळ वर चढली, पाठीवर आली आणि पाचच्या पाच एकदम खाली झेपावली. ताट हातातून सुटलं, पापड अंगणात गेले आणि आईनं दिवसभर तोंडसुख घेतलं. आई काय बोलली ते बाईंना एका अक्षरानं आठवत नाही. विमानं मात्र कुठल्या बाजूनं आली, कुठे वळली, हे त्या आजही हाताच्या पंजानं दाखवतात.

पुढच्या वर्षी लग्न होऊन त्या अक्कलकुव्याला आल्या. इथे महामार्गावरचे ट्रक होते, डोंगरातून उतरणारा बाजार होता, हरभरा-डाळ-तेल होतं. उलटं होणारं विमान काही नव्हतं. एक्केचाळीस वर्षं झाली. सुरतेची सून फाल्गुनी मोबाइलवर कसरतींचे व्हिडिओ पाठवते, तेवढ्यावर भागवायचं. पण वीतभर पडद्यात आभाळ मावतं का कुठे?

आता किशनलाल शेठविषयी. माणूस वाईट नाही. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळं होता आलं असतं. शेठ बायकोला कधी नाही म्हणत नाहीत. "जाऊ की," म्हणतात आणि चष्मा लावून पंचांगात चौघडिया बघतात. दिवसाचे आठ भाग, त्यातले काही चांगले, काही वाईट. लाभ-अमृत लागलं तर पाऊल उचलायचं, रोग-काळ-उद्वेग असला तर उंबऱ्याच्या आत बसायचं. व्यापारी घरात हे चालतंच. पण लोक साधारण बघतात आणि कामाला लागतात. शेठ बघतात आणि बसून राहतात.

याआधी दोनदा असंच झालं होतं. एकदा गुजरातेत विमानं होती, तेव्हा काळ टळेपर्यंत थांबले आणि पोचले तेव्हा आभाळात नुसता धूर विरत होता. दुसऱ्यांदा पुण्याकडे. तेव्हा निघाले वेळेवर, पण वाटेत रोग लागला म्हणून शेठनी गाडी एका धाब्यावर दीड तास उभी करवली. बाई त्या दीड तासात चार चहा प्यायल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं, हे त्यांना मागाहून दर वेळी वाटे.

आणि या जानेवारीत नाशिकला कसरती होणार अशी बातमी आली. रविवारी दुपारी तीन वाजता. फाल्गुनीनं कुणाकडून तरी दोन पास मिळवून कुरियरनं पाठवले. बाईंनी ते पास आठ दिवस डाळीच्या डब्यात जपून ठेवले. या वेळी चुकलं तर पुन्हा नाही, गुडघे आता साठीच्या पुढचे आहेत, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"रविवारी सकाळी सव्वासातला नवलसिंगची जीप येईल," बाई म्हणाल्या.

शेठनी पंचांग उघडलं.

"सव्वासात म्हणजे उद्वेग लागतो. साडेआठपर्यंत."

"अहो, सहा तासांची वाट आहे!"

"काळजी करू नकोस. प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे असं, की आपल्याला चांगल्या वेळेला निघणं जमत नसलं तर आपली एखादी वस्तू त्या वेळेला आधी बाहेर काढायची. वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली की आपण निघाल्यासारखंच. मग दुसऱ्या दिवशी वाईट वेळेला घर सोडलं तरी चालतं, फक्त जाताना ती वस्तू उचलून पुढे व्हायचं. आणि ती घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही. बाईंना हे ऐकून खरंच हायसं वाटलं. निदान या वेळी अडवणारी गोष्ट मार्ग काढतेय, असं त्यांना वाटलं.

शनिवारी संध्याकाळी लाभ लागताच शेठ पिशवी घेऊन बाहेर पडले. नेहमी ते तळोदा रस्त्यावरच्या रेवजीबाबांच्या घरी ठेवत. बाबांना सगळं माहीत. पिशवी जाईपर्यंत ते दारातून हलत नसत. पण बाबा सध्या लोणखेड्याला लेकीकडे आणि त्यांच्या घरात भाड्यानं राहते रविना सिस्टर. नवापूरकडची, सरकारी दवाखान्यात नर्स, कामाला वाघीण. शेठनी तिच्या हातात पिशवी दिली, "सकाळी घेतो," म्हणाले आणि परत आले.

रविवारी सव्वासातला जीप आली. बाई पावणेसातपासून पायरीवर तयार होत्या. गाडी रविनाच्या दारात थांबली. दाराला कुलूप.

शेठनी कडी वाजवली. कुलूप असलेल्या दाराची कडी वाजवून काय होणार, हे बाईंनी मनात म्हटलं. शेजारीण बाहेर आली. "सिस्टर साडेपाचलाच गेल्या की. आज पोलिओचा रविवार ना. मोलगीकडे ड्यूटी आहे." शेठनी फोन लावला, तर तो क्षेत्राबाहेर. मोलगीच्या डोंगरात फोन लागणं म्हणजे नशीबच.

"बरं, राहू दे पिशवी," बाई म्हणाल्या. "आल्यावर घेऊ."

शेठ खाली बघत होते.

"अहो, काय आहे त्या पिशवीत?"

"पास."

बाईंना आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. "डाळीच्या डब्यातून काढलेत?"

"ज्या कामाला निघायचं त्या कामाची वस्तू ठेवावी, म्हणजे प्रस्थान पक्कं होतं."

पक्कं तर झालंच होतं, चांगलं कुलूपबंद. दुसऱ्या बाईमाणसाच्या घराचं कुलूप तोडायचा विचार दोघांच्याही मनात आला नाही, येणारही नव्हता. शेठ ओट्यावर बसले. बाई जीपमध्ये बसल्या. नवलसिंगनं इंजिन बंद केलं. आठ वाजले. साडेआठ वाजले.

"उद्वेग संपला," बाई ओरडल्या. "आता चल लागला. तुमच्याच पंचांगात चल चांगला आहे. पासाचं तिकडे बघू. चला!"

"चांगला आहे, पण आपलं प्रस्थान आत अडकलंय. ते टाकून गेलं तर अर्धवट निघाल्यासारखं होतं. येईल ती. बारापर्यंत येईल."

"बारा? तीनला विमानं आहेत!"

शेठनी चष्मा काढून पुसला. मग हळूच, जणू हवामानाचं सांगतात तसं म्हणाले, "काल ती मागून काहीतरी म्हणत होती खरी. उद्या मी पोलिओच्या, असं काहीतरी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. प्रस्थान ठेवलं की मागे वळून बघायचं नसतं."

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एक्केचाळीस वर्षांत या माणसानं त्यांना मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माहेरी जायला अडवलं नाही. आणि तरी या क्षणी शेठना पोत्यात घालून तोंड शिवावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पोरगी बिचारी मागून हाका मारून सांगतेय की मी घरी नसणार, आणि हे पाठ करून चाललेत शुभ पावलांनी!

"नवलसिंग, गाडी काढ."

नवलसिंगनं शेठकडे बघितलं, मग बाईंकडे. "काकी, शेठना बिगर? मन्हा डोकावर येई."

"येऊ दे. चल."

"अगं, पास नाहीत," शेठ उठून उभे राहिले. "आत कोण सोडणार?"

"आभाळाला दार नसतं," बाई म्हणाल्या आणि जीप निघाली. रुमाल शेठकडे राहिला होता, ठेपल्यांचा डबाही शेठकडेच. नवऱ्याला असं मागे टाकून त्या कधीच कुठे गेल्या नव्हत्या. तळोदा मागे पडेपर्यंत त्या समोरची दांडी घट्ट धरून बसल्या होत्या आणि स्वतःलाच रागानं बजावत होत्या की हे गाडीच्या हादऱ्यांसाठी आहे.

नंदुरबारच्या बाहेर रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या मिरचीनं दोघांनाही ठसका लागला. पुढे ट्रॅक्टर आडवे आले, एक फाटक लागलं, नवलसिंगला एकदा चहा लागला. बाई घड्याळ बघत आणि प्रत्येकावर चिडत गेल्या. नाशिकच्या अलीकडे पोलिसांनी गाडी थांबवली. पास दाखवा. पास नाही. मग तिकडून जा. तिकडून म्हणजे कसरती होणाऱ्या धरणाच्या मागच्या अंगाला, द्राक्षांच्या मळ्यांकडे. तिथे बांधावर आधीच शेदोनशे माणसं उभी होती. तीनला पाच कमी होते. बाई उतरल्या, गुडघे धरून बांधावर चढल्या.

आवाज आधी आला नाही. आधी ती दिसली. समोरच्या टेकडीमागून लाल-पांढरी नऊ विमानं बाणासारखी, एकही पुढे-मागे नाही, आणि मग मागाहून तो आवाज आला, छातीच्या आत शिरला. बाईंच्या तोंडून "अगं आई!" निघालं. शेजारच्या पोरी हसल्या. नऊच्या नऊ वर चढली, इतकी वर की माना मागे पडल्या, आणि टोकाला जाऊन उलटी झाली. पंखापंखांत पाच मीटरचंही अंतर नाही, हे बाईंना व्हिडिओवरून पाठ होतं. पण ते प्रत्यक्ष बघताना त्यांनी नवलसिंगचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला. दोन विमानं समोरासमोर आली. आता आदळणार! बाईंनी डोळे मिटले नाहीत. केसाच्या अंतरानं ती एकमेकांना ओलांडून गेली आणि सगळा बांध ओरडला. बाई सर्वांत मोठ्यानं ओरडल्या. शेवटी केशरी, पांढरा, हिरवा धूर सोडत ती डोक्यावरून इतक्या खालून गेली की द्राक्षांची पानं हलली.

पंचवीस मिनिटं. मग सगळं शांत झालं. लोक उतरू लागले. बाई तिथेच उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"काकी, रडी ऱ्हायनात का?" नवलसिंग घाबरला.

"राग येतोय."

"शेठना?"

"नाही रे. माझा." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "त्यांनी कधी धरून ठेवलं होतं मला? गाडी होती, रस्ता होता. गाडीत बसायचं, एवढंच होतं. एक्केचाळीस वर्षं मी तेवढंही केलं नाही आणि सगळं त्यांच्या पंचांगावर लोटत राहिले."

पलीकडच्या लाउडस्पीकरवरून कुणीतरी सांगत होतं, की उद्याही याच वेळी हाच कार्यक्रम आहे. तेवढ्यात फोन वाजला. शेठ होते, आवाजात उत्साह.

"रविना आली! पिशवी मिळाली. पास शाबूत आहेत. संपलं का गं तिकडे?"

"संपलं."

"अरेरे. मग तू निघालीस ना? दिवेलागणीनंतर तू जेवत नाहीस, वाटेत कुठे जेवणार?"

"इथे धर्मशाळा आहे, तिथे जेवेन. नवलसिंगला उद्या शहाद्याचं भाडं आहे, त्याला परत पाठवते." बाई बोलताना आभाळाकडे बघत होत्या. "मी आज येत नाही. उद्या परत आहेत विमानं. बघून एसटीनं येईन."

"एकटी?" शेठचा आवाज बारीक झाला. "थांब, जरा वेळ बघून सांगतो."

"बघू नका," लाडकंवरबाई म्हणाल्या. "मी विचारलं नाहीये."