गार्डवरचा लाइट

शिक्षणसेवक म्हणून मला सालेकसाच्या पुढच्या एका गावात शाळा मिळाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला. त्याच रस्त्यावर, थोडं अलीकडच्या गावात, ते कितीतरी वर्षांपासून शिकवत होते. आम्ही आमगावला राहायचो. सकाळी मला माझ्या शाळेत सोडून ते आपल्या शाळेत यायचे आणि संध्याकाळी पुन्हा घ्यायला यायचे. त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी सहावीच्या मुलांची चाचणी तपासलेली आहे, इतकी ती गाडी मला घरासारखी होती.

दिवाळीनंतर दिवस लहान झाले. शाळा सुटून रजिस्टरं आवरेपर्यंत अंधारून यायचं. बाबा कुरकुरायला लागले, "हा लाइट आहे का चिमणी? खड्डा दिसत नाही. अन् समोरचे लोक बघ, कसे डोळ्यात लाइट मारून राहिले!"

मलाही वाटलं, गाडी जुनी झाली. शेवटी एका रविवारी ते गोंदियाला जाऊन आले, तर गाडीच्या समोरच्या गार्डवर एक गोल, पांढराशुभ्र लाइट बसवलेला आणि हँडलजवळ त्याचं वेगळं बटण. लावणारा म्हणाला होता, "गुरुजी, अब जंगल का पत्ता-पत्ता दिखेगा." हे वाक्य बाबांनी आम्हाला तीनदा ऐकवलं. अंगणात त्यांनी बटण दाबलं आणि शेजारच्यांची भिंत, त्यावर थापलेल्या शेणाच्या गोवऱ्या, वळचणीची मांजर, सगळं एकदम उजळून निघालं.

आई दारातून म्हणाली, "गाडी आहे का मंडईच्या जत्रेचा मांडव?"

बाबा खूश होते. मीही त्यांना खूश बघून खूश होते.

आठवड्याभरात आमगावच्या चौकात ट्रॅफिक पोलिसाने हात केला. जवळ आला आणि एकदम वाकून बाबांच्या पाया पडला. जुना विद्यार्थी निघाला. मग अवघडून म्हणाला, "सर, हा लाइट चालत नाही. कंपनीने दिला तेवढाच लाइट पाहिजे. असा वरून लावला तर नियमात बसत नाही. समोरच्याला काही दिसत नाही सर."

"जंगलाचा रस्ता आहे रे बाबू," बाबा म्हणाले. "संगं पोरगी असते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "काढून घ्या सर," एवढंच म्हणाला आणि पावती न फाडता आम्हाला सोडलं. बाबांना त्या विद्यार्थ्याचं कौतुक वाटत राहिलं. लाइट तसाच राहिला.

पुढच्याच आठवड्यात ते घडलं. एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून, उंच बांधावरून रस्ता वळतो, तिथे समोरून एक माणूस सायकलवर येत होता. मागे तांदळाचं पोतं बांधलेलं. मी बाबांच्या खांद्यावरून त्याला पाहिलं. त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला, सायकल डगमगली आणि पोत्यासकट तो पाळीवरून खाली गेला.

"बाबा, थांबा! माणूस पडला!"

"कोण? कुठं?"

मी उतरून धावले. तो चिखलात बसून मनगट धरून कण्हत होता. पोतं फाटून तांदूळ पाण्यात गेला होता. बाबा धडपडत खाली आले. तो माणूस त्यांच्याच शाळेच्या गावचा, ओळखीचा.

"गुरुजी, तुमी होय?" तो म्हणाला. "मले काईच नाही दिसलं जी. सारं पांढरंफट्ट झालं."

बाबा त्याच्यापुढे तसेच उकिडवे बसले. "मलेही नाही दिसला तू," ते हळूच म्हणाले.

मागून आलेल्या जीपमधून त्याला सालेकसाच्या दवाखान्यात नेलं, आम्ही गाडीवर मागोमाग गेलो. मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर झालं, त्याची बायको आली, तिने बाबांना नको नको ते ऐकवलं आणि बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. निघताना त्यांनी गाडीला किल्ली लावली आणि पुन्हा काढली. मी म्हटलं, "मी चालवते." मैत्रिणीच्या गाडीवर शिकले होते, पण बाबांना मागे बसवून कधी चालवली नव्हती.

गार्डवरचा लाइट मी बंद केला. नुसता गाडीचा जुना लाइट लावून हळूहळू निघाले. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला सगळं दिसतंय. खड्डे, कडेची गिट्टी, घरी परतणारी गुरं, सगळं.

मागून बाबांनी विचारलं, "ती गाय दिसली तुले?"

"दिसली ना. दोन होत्या."

बाबांनी मागे वळून पाहिलं. मग म्हणाले, "मले एकच दिसली. तेही तू बाजूनं नेली तेव्हा."

गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा प्रकाश फुटून पसरतो तो त्यामुळेच, आणि अंधारात कमी दिसतं तेही त्यामुळेच. कितीही मोठा लाइट लावला असता तरी उपयोग नव्हता. त्याच दिवशी बाबांनी लाइट काढायला लावला. येताना चौकात उतरून त्या पोलिसाला म्हणाले, "त्या दिवशी माझी पावती फाडायला पाहिजे होती तू. आता फाड."

"लाइटच नाही, तर पावती कशाची फाडू सर?" तो म्हणाला. मग बाबांनी त्याला सगळं सांगितलं. ऐकून त्याचा चेहरा उतरला. बाबांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा पाजला.

सायकलवाल्याचं धानाचं पुंजणं, कापून रचलेल्या पेंढ्यांचा ढीग, तसंच पडलं होतं. एका हाताने तो मळणी काय करणार? आम्ही दोन रविवार त्याच्या खळ्यावर गेलो. बाबा शेतकऱ्याच्याच घरचे, पेंढ्या उचलायला त्यांना शिकवावं लागलं नाही. मी मात्र संध्याकाळपर्यंत अंगभर खाजवत होते. पहिल्या रविवारी त्याची बायको आमच्याशी बोलली नाही. दुसऱ्या रविवारी तिने भात आणि बोडीतल्या मासोळ्यांचा रस्सा वाढला आणि रोखठोक विचारलं, "काऊन जी गुरुजी, पोरगी गाडी चालवते अन् तुमी मागं बसता?"

आजूबाजूला बाबांचे पाच-सहा विद्यार्थी आणि त्यांचे बाप जेवत होते. बाबांनी घास गिळला. "माझे डोळे गेले होते बाई," ते म्हणाले. "मी लाइटले दोष देऊन राहिलो होतो."

कोणी हसलं नाही. तिने त्यांच्या ताटात आणखी रस्सा वाढला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर बाबांनी आईकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तू एवढी म्हातारी कधी झाली?" आईने त्यांना तिथेच, डॉक्टरांसमोर झापलं.

त्यानंतर ते पुन्हा गाडी चालवायला लागले. पण अंधार पडायच्या बेताला स्वतःच गाडी कडेला घ्यायचे, किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि निमूट मागे बसायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा नेम मोडला नाही.