गोपनीय फायलीची किल्ली

जुने सहकारी भेटले की एका किश्शावर भागत नाही, एक दुसऱ्याला ओढून आणतो. आमच्या ऑफिसचे निम्मे किस्से तर एकाच फायलीतले. खालापूरजवळ एक छोटा कारखाना होता, तिथे मी कारकून. हेडक्लार्क दामले सगळ्यांची गोपनीय फाइल ठेवायचे आणि बढती द्यायची झाली की साहेब तीच त्यांच्याकडून वाचून घ्यायचे.

दामल्यांचा कपाटाच्या कुलपावर विश्वास नव्हता. शेरा लिहिताना ते प्रत्येक अक्षर दोन घरं पुढे सरकवायचे. क च्या जागी ग, ख च्या जागी घ. या युक्तीला आम्ही किल्ली म्हणायचो. "कुलूप फुटेल, अक्षर फुटायचं नाही!" असं ते ऐटीत सांगायचे.

*

आता पान कुणाचं ते सापडायला हवं, म्हणून वरचं नाव आणि तारीख मात्र साध्या मराठीत! शेरा कुणाला वाचता येत नव्हता, पण पानं सगळे मोजायचे. एका महिन्यात स्टोअरकीपर पवारांची चार पानं वाढली. आपल्यावर काहीतरी बालंट येतंय या धास्तीने त्यांनी राजीनामा दिला.

चारही पानांत त्यांच्या बढतीची शिफारस होती. दामल्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

*

दामले मुलीच्या लग्नाला नेरळला गेले आणि नेमकी तेव्हाच साहेबांना फाइल हवी झाली. साहेबांनी पान उभं धरलं, आडवं धरलं, शेवटी जीप काढून थेट मांडव गाठला. दामल्यांनी सोवळ्यातच फाइल वाचून दाखवली. साहेबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती गोपनीय फाइल त्या दिवशी अर्ध्या नेरळने ऐकली!

परत आल्यावर साहेबांनी हुकूम काढला, किल्ली आणखी एकाला माहीत हवी. तो एक म्हणजे मी.

*

दत्तू ठोंबरे माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. भिवपुरीकडच्या भातशेतीवाल्या घरातला, मनाने मोकळा. आम्ही डबा एकत्र खायचो. सिनियरच्या एका जागेसाठी आमची दोघांचीच नावं होती. ऐन लावणीत तो न सांगता आठ दिवस गायब झाला आणि त्याचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं. नेमकं त्याच आठवड्यात दामल्यांनी त्याचं पान मला लिहायला दिलं. मी रागाच्या भरात लिहिलं, "आधी शेत, मग नोकरी. जबाबदारी देऊ नये."

जागा मला मिळाली. पेढे दत्तूनेच वाटले.

मग कळलं, तो शेतावर गेलाच नव्हता. त्याची बायको हॉस्पिटलात होती. मी दामल्यांकडे धावलो, ते पान काढा म्हणालो. ते म्हणाले, "या फायलीतला कागद निघत नाही. चुकलं असेल तर वर नवा लावा." मी नवं पान लावलं, त्यात दत्तूची तोंडभरून स्तुती केली. खालचं खालीच राहिलं. त्याला थोडंच वाचता येणार आहे, अशी मी मनाची समजूत घातली. त्याच्याशी बोललो मात्र नाही, आणि त्याची लाज अजून वाटते.

*

बारा वर्षांनी मी पेणला दुसरी नोकरी धरली. दामले कधीच निवृत्त झाले होते, फाइल माझ्याकडे होती आणि चार्ज दत्तूला द्यायचा होता. दत्तूला नवीच किल्ली द्यावी म्हणून मी ती घाईघाईने बदलली, तीन घरं पुढे. पण जुनी पानं जुन्या किल्लीतच होती. साहेब म्हणाले, दोन्ही किल्ल्या देऊन टाका.

त्या दुपारी दत्तू डबा खायला आला नाही. फाइल घेऊन बसला होता. संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन मी "चुकलं माझं" एवढंच म्हणालो. त्याने पुढचं पान उलटलं.

निरोपाच्या दिवशी माझं शेवटचं पान लिहायचं काम त्याचं होतं. त्याने ते लिहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी दोन घरं मागे जाऊन बघितलं, तीन घरं मागे जाऊन बघितलं. एक शब्द लागेना.

"किल्ली?" मी विचारलं.

"बदलली रं," दत्तू म्हणाला. "आता ती माज्याकडंच हाय."