धाकटीच्या दोन खोल्या

आप्पा गेल्यावर दहाव्या दिवशी आम्ही इंद्रायणीच्या घाटावर होतो. पिंड मांडून पाऊण तास झाला तरी कावळा शिवत नव्हता. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पत्र्यावर चार-पाच बसले होते, पण एकही खाली उतरेना.

"शिफ्ट बदलली असंल त्यांची," मागून कुणीतरी भाऊबंद पुटपुटला. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं.

अशा वेळी आमच्याकडे गेलेल्या माणसाची इच्छा ओळखायची असते. मुलगा हात जोडून एकेक वचन देतो. खरी इच्छा सापडली की कावळा शिवतो, असं मानतात. दादा, माझा थोरला भाऊ, ओल्या अंगाने उभा होता. भाड्याच्या खोल्या नीट सांभाळीन, असं तो म्हणाला. नातवाला इंजिनिअर करीन, असंही म्हणाला. काही झालं नाही.

"अरं, धाकटीचं बोल," चुलते म्हणाले. "त्याचा जीव तिच्यात अडकलाय. ठाऊक न्हाई व्हय तुला?"

"आप्पा," दादा म्हणाला, "धाकटीला अंतर देणार न्हाई. तिचं घर पुरं करून देतो."

एक कावळा उतरला, त्याने भात उचलला आणि उडाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. धाकटी, आमची लहान बहीण, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, पण मनात वेगळंच चाललं होतं. त्या पाऊण तासात कुणीतरी माझंही नाव घेईल, याची मी वाट पाहत होते. मी कॉलेजात शिकवते. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी अनेकदा सांगितलेलं आहे. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच. तरीही मला वाटत होतं, निदान एकदा विचारून तर बघायचं.

आमची जमीन आजोबांच्या वेळीच एमआयडीसीत गेली. आप्पांनी कंपनीत नोकरी करत भोसरीतल्या उरलेल्या तुकड्यावर घर बांधलं आणि मागे कामगारांसाठी भाड्याच्या आठ खोल्या काढल्या. आई आधीच गेली होती. दादा त्याच घरात राहतो. मी संत तुकाराम नगरमध्ये. धाकटी माण गावात दिली. तिचा नवरा आयटी कंपन्यांची माणसं ने-आण करणारी गाडी चालवतो. त्यांचं घर स्लॅबपर्यंत येऊन थांबलेलं आहे. आप्पा दर रविवारी तिच्याकडे जायचे. माझ्याकडे यायचे ते दवाखान्याच्या कामाने, आणि चहा घेऊन लगेच उठायचे. "तुझं काय, तुझं बरं चाललंय," असं म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलं होतं, तुला काही हवंय का. मी म्हणाले, मला काय करायचंय. ते ऐकून त्यांना बरं वाटलेलं दिसलं, आणि मलाही स्वतःचा अभिमान वाटला.

महिन्याभराने दादाने बोलावलं. चुलते आले होते. टेबलावर वाटणीचा कागद टाइप करून ठेवलेला. घर आणि सहा खोल्या दादाला, दोन खोल्या धाकटीला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं की मी राजीखुशीने हक्क सोडते आहे.

"तुला काय कमी हाय बाय," चुलते म्हणाले. "नवराबायको दोघं पगारदार. आन् धाकटीचं तर कावळ्यानंच सांगितलं. आमी सगळ्यांनी बघितलं."

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

दादा हसला. "अगं, तुला भाडी गोळा करायची हाऊस आलीय का? महिन्याच्या महिन्याला पोरांच्या दारात उभी राहशील?"

"तिला दोन आणि मला काहीच नाही, हे कसं?"

बोलल्यावर मला ऐकू आलं की मी 'तिला' म्हणाले होते. धाकटीने मान वर केली.

"ताई, माझ्यावर का घसरतेस? तुला आप्पांनी एम. ए.पर्यंत शिकवलं. तुझ्या परीक्षेला ते रजा टाकून बाहेर उभे राहायचे. मला बारावी झाल्या झाल्या उजवलं. तेव्हा मी म्हणाले होते का, तिला का आणि मला का नाही?"

"रविवारी ते तुझ्याकडे यायचे."

"वाळू चाळायला यायचे. गवंडी परवडत नव्हता म्हणून. आणि तिथंही तुझंच. ताईनं असं केलं, ताईनं तसं केलं. ऐकून ऐकून कान किटले माझे."

हे मला माहीत नव्हतं. त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, माझं कौतुक त्यांनी तिच्यापुढे केलं, म्हणजे तेसुद्धा तिलाच मिळालं.

"मला हवंय," मी म्हणाले.

दादाने कागद जवळ ओढला. "हे बघ, घरात भांडण नको. दोघी एकेक खोली घ्या. मिटलं."

कायद्याने तिघांचा वाटा सारखा होता. हे मला पक्कं माहीत होतं; महाविद्यालयातल्या मुलींना मी ते अनेकदा सांगितलेलं आहे. दादाच्या सहा खोल्यांना हात लागला नव्हता, आणि तो म्हणाला तसं मिटलेलं काहीच नव्हतं. पण मी त्या सहा खोल्यांकडे पाहिलंच नाही. माझं लक्ष धाकटीच्या चेहऱ्याकडे होतं. ती माझ्याकडून नकाराची वाट पाहत होती. मी नकार दिला असता, तर आम्ही दोघी मिळून दादाला विचारू शकलो असतो.

नवा कागद झाला. निबंधकाच्या कार्यालयात आम्ही शेजारी बसून अंगठे उमटवले, फोटो काढून घेतले. परतताना तिने माझ्या गाडीत बसायला नको म्हटलं, बसने गेली.

माझ्या खोलीत चाकणला कामाला जाणारे तीन तरुण राहतात. भाडं दर महिन्याला वेळेवर येतं. माणचं घर अजून स्लॅबवरच आहे. ते भाडं तिला पाठवावं, असं मी बऱ्याचदा ठरवते. मग आठवतं की पाठवलं तर आठही खोल्यांत माझं काहीच उरणार नाही, आणि ते राहून जातं.