कुंपणापलीकडची स्कायलॅब

आमची शेजारीण सूझन आज पुन्हा कुंपण रंगवतेय. त्या उग्र वासासरशी मला इथली, इंग्लंडातल्या मेडनहेडमधली, दोन हजार एकच्या मार्चमधली सकाळ आठवली. रशियाचं म्हातारं अंतराळस्थानक, मीर, नुकतंच समुद्रात पाडलं होतं. माझा नवरा श्रीकांत ऑफिसला निघता निघता गार्डनमध्ये थांबला. पलीकडे सूझन अशीच ब्रश घेऊन उभी होती.

"लहानपणी अमेरिकेची स्कायलॅब पडणार होती ना," तो तिला इंग्रजीत सांगत होता, "तेव्हा ती आमच्याच घरावर पडेल या भीतीनं मी आईचा पदर धरून पलंगाखाली झोपायचो."

सूझन हसली नाही. "आणि आई?"

"तीही पलंगाखालीच, माझ्याशेजारी."

मी त्याचा डबा घेऊन किचनच्या खिडकीत उभी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हे मला ठाऊक नव्हतं! माझा असा जळफळाट झाला की डबा मी त्याच्या हातात न देता टेबलावर आपटला.

आता श्रीकांत नाही. ती गोष्ट ऐकावीशी वाटली की मला सूझनकडेच जावं लागतं. ती दर वेळी मन लावून सांगते. मेलीला त्याच्या बोलण्याची ढबसुद्धा जमते.