मधल्या दारातला काळोख

त्या मुलीने माझ्या दुकानात बसून आपल्या लग्नाचे सगळे फोटो दोनदा पाहिले आणि मग विचारलं, "काय ओ दादा, माझी आये एका पण फोटोत नाय?"

मला रागच आला. आठशे फोटो काढा, लोकांना नेमका न काढलेला हवा असतो. "त्या समोर आल्याच नाहीत," मी तुटकपणे म्हटलं.

"येणारच नव्हती. बाबा गेल्यापासून ती शुभकार्यात पुढे येत नाय. कन्यादान काका-काकीनी केलानी. मी किती रडले, तरी मधल्या दारातच उभी राहिली." ती उठली. "बघा ना परत एकदा. आये नसली तर मला तो अल्बमच नको."

ती गेल्यावर मी चडफडत फोटो उघडले. लग्न पावस गावाच्या बाजूला, चिऱ्याच्या घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मे महिन्यातल्या भर दुपारी. मंडपात नवरानवरी, मागे घराची ओटी, ओटीच्या मागे मधलं दार. मी उजेड नवरीच्या चेहऱ्यावर बेतला होता, त्यामुळे दाराच्या जागी नुसता काळा चौकोन आला होता. तेव्हा मी त्यावर खूशही झालो होतो. मागची भांडीकुंडी दिसत नाहीत, फोटो कसा स्वच्छ!

पण माझा कॅमेरा प्रत्येक फोटोची रॉ फाइलही ठेवतो. जेपीईजी, म्हणजे आपण बघतो तो तयार फोटो, हे वाढलेलं ताट. रॉ म्हणजे बाजारातून आणलेली अख्खी पिशवी. आपल्याला काळं दिसतं तिथेही थोडाफार उजेड नोंदलेला असतो. तो वर काढायला सॉफ्टवेअर लागतं. माझ्याकडे तीन होती आणि तिन्हींबद्दल माझी मतं ठाम होती. ती तपासून मात्र कधी पाहिली नव्हती.

पहिलं कॅमेऱ्याबरोबर आलेलं. त्यात सावल्या उजळायची पट्टी उजवीकडे ओढली आणि दारात जांभळट चिखल झाला. चिखलात कोणीतरी उभं होतं एवढं कळलं. मी कॅमेऱ्याला दोन शिव्या दिल्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

दुसरं माझं लाडकं, दर महिन्याला वर्गणी घेणारं. त्याने दार उजळलं, काळोख उजळला की फोटोत येणारे दाणे पुसले, आणि त्या काळ्या चौकोनातून एक बाई माझ्याकडे बघू लागली. फिकट लुगडं, मोकळं कपाळ, हात छातीशी धरलेला. मी खुर्चीत सरळ बसलो. वीस वर्षं हा धंदा करतोय, पण नुसत्या काळ्यातून माणूस आलेलं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा इतका गुळगुळीत की लेकीची बहीण वाटावी. काम झालं, असं मी ठरवूनही टाकलं.

तिसरं जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, फुकटचं, दिसायला ओबडधोबड. मी त्याची नेहमी टिंगल करायचो. एकदा बघू तरी म्हणून तीच फाइल त्यात उघडली. फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणे आले. पण चेहऱ्यावर वय होतं, डोळ्यांखाली रडून आलेली सूज होती. आणि छातीशी धरलेल्या तळहातात पांढरे ठिपके होते. लाडक्या सॉफ्टवेअरमध्ये तोच हात रिकामा होता.

दाणेच असणार, असं आधी वाटलं. पण फोटोतले असे दाणे दर फोटोत जागा बदलतात, खरी वस्तू बदलत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी मी ओळीने सात फोटो घेतले होते. सातही उघडून एकाशेजारी एक लावले. चार फोटोंत ठिपके तळहातातच होते. पाचव्यात हात वर गेलेला. सहाव्यात मूठ उघडलेली आणि ठिपके हवेत, उंबऱ्याच्या वर. सातव्यात हात जोडलेले.

 त्या अक्षता होत्या. लाडक्या सॉफ्टवेअरने त्या दाणे समजून पुसल्या होत्या. 'शुभमंगल सावधान'ला सगळा मंडप नवरीवर तांदूळ उधळत होता, तेव्हा तिची आईही उधळत होती, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागेवरून. मी तिच्यापासून वीस पावलांवर उभा होतो. कॅमेऱ्याने ते सातही वेळा टिपलं होतं आणि मी काळं म्हणून सोडून दिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या फाइलीपुढे हात जोडावेसे वाटले. साधा तांदळाचा दाणा, त्याच्यावर पडलेला जेमतेम उजेड, तोही वाया गेला नव्हता.

मुलगी माहेरी आल्याचं कळल्यावर लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. दोघी ओटीवर शेजारी बसल्या. मी सहावा फोटो उघडला. मुलीने तोंडावर हात घेतला. आई पडद्याजवळ वाकली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मला वाटला, कुणी बघितलान नाय."

"कोणी पाहिलं नव्हतंच, काकी. मीसुद्धा."

"मग परत काळोख करता येतो काय ओ याला?"

खोटं बोलवेना. येतो म्हणालो. पट्टी डावीकडे सरकवायची, एवढंच काम. माझा हात माऊसकडे गेलाही.

"थांबा, दादा," मुलगी म्हणाली. ती आईकडे वळली. "आये, सगळ्यांच्या अक्षता माझ्या डोक्यावर पडल्या. तुझ्या खय पडल्या?"

आईने समोरच्या जमिनीकडे बोट केलं. "हय. ओटीवर. माणसां गेल्यावर मीच झाडून काढल्या."

मुलगी उठून बोट केलेल्या जागी, आईच्या पुढ्यात, डोकं वाकवून बसली.  आईने रिकामा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"पहिल्या पानावर हाच लावा," मुलगी खाली बघतच म्हणाली. मी आईकडे पाहिलं. ती नको म्हणाली नाही.