बॉस्टनच्या स्टँडमध्ये दिलेलं माझं मत

जर्सी सिटीहून बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला जायचं म्हणजे साधारण चार तासांचं ड्राइव्ह. मी ते अडीच आठवडे पुढे ढकललं होतं. शेवटी ऋचाने फोनवर सांगितलं की बाबांना बेसबॉल मॅचची चार तिकिटं मिळालीत, शनिवारी दुपारची मॅच आहे, आणि आता कॅन्सल केलंस तर तूच त्यांना फोन करून कारण सांग.

ऋचा आणि मी लग्न करायचं ठरवलं होतं. तिचे बाबा, अरविंदकाका, मूळचे सांगलीचे, तीस वर्षं श्रूजबरीला भूलतज्ज्ञ होते, नुकतेच रिटायर झालेले. माझ्याबद्दल त्यांनी अजून होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. २००५ चा सप्टेंबर होता. अडचण अशी की काका बॉस्टनचे कट्टर भक्त, आणि मी अमेरिकेत आल्यापासून न्यूयॉर्कच्या टीमचा. ऋचाने एकच सूचना दिली होती: "एमव्हीपीचा विषय निघाला तर बॉस्टनवाल्याचं नाव घे आणि विषय बदल."

शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघालो. पुलावरच तासभर गेला, त्यामुळे जाणाऱ्यांना सल्ला: दुपारी दोनच्या आत न्यूयॉर्क पार करा. पुढे ८४ नंबरचा रस्ता सुरेख आहे. हार्टफर्ड मागे पडलं की झाडी दाट होते, आणि त्या दिवसांत एखाद-दुसरं मेपलचं झाड बाकीच्यांच्या आधीच लाल झालेलं दिसतं. टोल आणि पेट्रोल धरून एका बाजूचे चाळीसेक डॉलर झाले. पोचलो तेव्हा ऋचाच्या आईने, विजयाकाकूंनी, गरम मुगाची खिचडी वाढली. काकांनी रस्ता कसा होता ते विचारलं, कुठला एक्झिट घेतला ते विचारलं, आणि झोपायला गेले.

शनिवारी गाडी ग्राफ्टनच्या स्टेशनवर ठेवून आम्ही लोकल ट्रेन घेतली. हे मात्र जरूर करा. मैदानाजवळ पार्किंगला जेवढे मागतात तेवढ्यात चौघांचा ट्रेनचा परतीचा प्रवास होतो. मॅचच्या दिवशी ट्रेनमध्ये सगळे लाल टोप्या घातलेले, आणि सगळ्यांचा विषय एकच: यंदाचा सर्वांत मोलाचा खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, कोण.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दावेदार दोघे होते. एक न्यूयॉर्कचा, तिसऱ्या बेसवर फील्डिंग करणारा, बॅटिंगही जबरदस्त. दुसरा बॉस्टनचा धिप्पाड बॅट्समन. हरत आलेल्या मॅचेस शेवटच्या क्षणी काढून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण तो फील्डिंगला उतरायचाच नाही. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या ऐवजी फक्त बॅटिंगला येणारा एक जण या लीगमध्ये चालतो, तो हा. वाद इथेच होता: अर्धाच खेळ खेळणारा माणूस सर्वांत मोलाचा कसा?

काकांनी ट्रेनमध्ये मला विचारलंच. मी अजून विचार करतोय म्हणालो. ऋचाने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले.

मैदान जुनं आहे, खुर्च्या अरुंद, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात. शाकाहारी लोकांनी भाजलेल्या शेंगा आणि प्रेट्झेलवर भागवावं. काकूंनी पर्समध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. दारावरच्या माणसाने डबा उघडून बघितला, वास घेतला आणि हसून आत सोडलं.

आमच्या मागे जिम नावाचा एक पोस्टमन बसला होता. नवांपैकी सहाव्या इनिंगमध्ये बॉस्टनच्या त्या बॅट्समनने चेंडू थेट प्रेक्षकांत मारला आणि अख्खं मैदान उभं राहिलं. लोक खाली बसल्यावर जिमने आमच्या दोन रांगांची मतमोजणी सुरू केली. एकेक जण बॉस्टन, बॉस्टन म्हणत गेला. काका म्हणाले, ऋचा म्हणाली. मग जिमने माझ्याकडे बोट केलं.

तोंडाशी बॉस्टन आलं होतं. पण काका माझ्याकडे वळून बघत होते, आणि या माणसाशी पहिलीच गोष्ट खोटी बोलायची हे काही जमेना. मी म्हणालो, "न्यूयॉर्क."

आजूबाजूच्यांनी हुर्यो उडवली. कोणीतरी माझ्यावर शेंगांची टरफलं फेकली. काका पुढे वळले आणि एक अख्खी इनिंग फक्त मैदानाकडे बघत राहिले. मी पुरी हातात धरून बसलो होतो, खाववेना.

मग जिमने काकूंना विचारलं. काकूंनी शांतपणे इंग्रजीत न्यूयॉर्क सांगितलं, आणि मग मराठीत, काकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पान वाढलं की नेमका येऊन बसतो आणि नंतर ताट तसंच सोडून उठतो, त्याचं कौतुक मी बत्तीस वर्षं ऐकतेय."

काकांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "हे तू बेसबॉलबद्दल बोलतेयस ना?"

"बेसबॉलबद्दलही," काकू म्हणाल्या.

ऋचा इतकी हसली की तिला ठसका लागला. काकाही हसले, आधी नाइलाजाने आणि मग खरंच. जिमला भाषांतर हवं होतं. ऋचाने करून दिल्यावर त्याची बायको उठून काकूंशी हात मिळवून गेली.

बॉस्टन जिंकलं. परतीच्या ट्रेनमध्ये काका माझ्या शेजारी येऊन बसले आणि ग्राफ्टनपर्यंत माझ्याशी कडाकडा भांडले. प्रत्येक स्टेशनला नवा मुद्दा. मी एक खोडला की ते म्हणायचे, "बरं, ते सोड, हे ऐक." समोर काकू झोपल्या होत्या. दिवसभर अंग चोरून बसलेला मी त्या तासाभरात कधी पाय पसरून बसलो, कळलंच नाही.

रविवारी संध्याकाळी घरी परतलो. गाडीत काकूंनी दिलेला मेतकुटाचा डबा, आणि काकांच्या उत्तराचा अजून पत्ता नव्हता. मॅचचा स्कोअर आता मला आठवत नाही. जिमचा चेहरा आठवतो, टरफलं आठवतात, आणि खरं बोलून झाल्यावरची ती एक लांबलचक इनिंग.

नोव्हेंबरमध्ये एमव्हीपीचा निकाल लागला. न्यूयॉर्कवाला जिंकला. काकांना फोन करावा की नाही या विचारात असतानाच त्यांचा आला. निर्णय साफ चुकीचा आहे, असं त्यांनी पाच मिनिटं समजावून सांगितलं. मग म्हणाले, "तुझ्या आईवडिलांचा पुण्याचा नंबर दे. तारखेचं बोलायचंय. फक्त ऑक्टोबर नको, तेव्हा फायनल्स असतात."