भार्गवरावांचे सत्तावीस चाकू

भार्गवराव आगाशे या गृहस्थाने उभ्या जन्मात चाकूने काही कापलं नाही. आंब्याच्या फोडी बायकोने करून द्यायच्या, सुपारी आईने कातरून द्यायची आणि पेन्सिलीला टोक काढायला कचेरीत शिपाई होता. अशा माणसाच्या घरी सत्तावीस चाकू! सगळे घडीचे, खिशात मावतील असे, एकाहून एक जुने. रत्नागिरीत त्यांचं कौतुक करणारे पुष्कळ होते. केरू मेस्त्री त्यांतला नव्हता.

केरू खालच्या आळीत राहायचा आणि शिंगाचं काम करायचा. गव्याचं नाहीतर म्हशीचं शिंग आणायचं, विस्तवावर शेकत, खोबरेल पाजत मऊ करायचं, दाबून सरळ करायचं, मग कापून-तासून खरवतीच्या खरबरीत पानाने इतकं घासायचं की त्यात आपलं तोंड दिसावं. फण्या, डब्या, काठ्यांच्या आणि चाकूंच्या मुठी, हा त्याचा धंदा. बाप विठू मेस्त्री हेच करायचा आणि आजाही हेच. भार्गवरावांच्या सत्तावीस चाकूंपैकी सव्वीस मुठी केरूच्या हातच्या. सत्ताविसावी विठूची. सगळी गोष्ट त्या सत्ताविसाव्या मुठीची आहे, पण त्याआधी हे भार्गवराव काय चीज होते ते सांगायला हवं.

राजिवड्याचे खलाशी मोठमोठ्या आगबोटींवर नोकरीला असायचे. कोणी विलायतेहून चाकू आणायचा, कोणी जर्मनीहून. मांडवीच्या बंदरात बोट लागली की भार्गवराव छत्री घेऊन तिथे हजर. नवा चाकू त्यांना नको असायचा. पन्नास-साठ वर्षांचा, पातं चांगलं आणि मूठ फुटकी, असा हवा. मग तो चाकू आणि हाताने काढलेलं चित्र घेऊन स्वारी केरूच्या पडवीत. कधी मुठीवर मोर हवा, कधी सिंह, कधी आपल्या नावाची अक्षरं.

"रावसाहेब, मोराचा तुरा तळव्यात रुतंल," केरूने एकदा सांगून पाहिलं. "धरणार कशी ही मूठ?"

"अरे, धरायची कोणाला आहे?" भार्गवराव म्हणाले.

काय बोलणार अशा माणसापुढे! मूठ धरायची नाही तर तिला मूठ म्हणावं कशाला? केरूने मोर कोरला. असा कोरला की मुंबईहून आलेला एक साहेब तो बघून थक्क झाला, आणि भार्गवरावांनी तो मोर स्वतःच कोरल्यासारखी मान डोलावली. पाहुणा आला की यांचं सुरू व्हायचं: ही कमान बघा, हा खटका ऐका, हे पोलाद आता मिळायचं नाही. चाकू उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, पण पाहुण्याच्या हातात द्यायचा नाही. पाहुण्याने हात पुढे केला तर याचा हात मागे. पाहुणा गेल्यावर मलमलीच्या कोरड्या फडक्याने पुसून ठेवून द्यायचा. आणि पुसणारा हात कसा, तर गादीवर बसून सह्या करणाऱ्याचा, लोण्यासारखा मऊ. केरूला तो हात बघूनच शिसारी यायची.

तरी तो या माणसाच्या घरी जायचा. का जायचा, तर विठूच्या चाकूसाठी.

विठूने जन्मभर लोकांसाठी मुठी केल्या, स्वतःसाठी एकच केली, तीही अगदी शेवटच्या वर्षी. काळ्याभोर शिंगाचा तुकडा, त्यात मधोमध मधासारखी एक पिवळी रेघ. मोर नाही, सिंह नाही, काही नाही. अंगठा टेकायला एक हलकी खोलगट जागा, एवढीच काय ती कारागिरी. पण हातात घेतली की वाटायचं, ही आपल्या हाताचाच भाग आहे. केरूचा हात बापासारखाच, त्यामुळे त्याचाही अंगठा त्या जागेत नेमका बसायचा. भार्गवरावांनी तो चाकू पाहिला आणि त्यांना राहवेना. "विठू, दोन दिवस दे. कचेरीत दाखवतो आणि आणून देतो." विठू भिडस्त माणूस, दिला. दोन दिवसांचे दोन महिने झाले, आणि सत्तावीस सालच्या पावसाळ्यात विठू तापाने गेला.

तेराव्यानंतर केरू चाकू मागायला गेला, तर भार्गवराव शांतपणे म्हणाले, "अरे, तो तर विठूने मला दिला. आठवण म्हणून."

खोटं! धडधडीत खोटं! पण कचेरीतला अव्वल कारकून तो, आणि हा शिंग तासणारा. साक्षीला कोण होतं? केरू परत आला. तेव्हापासून त्या माणसाचं नाव निघालं की तो पडवीतून बाहेर थुंकायचा. "चोर तो चोर, वर खोटारडा," तो बायकोला, राहीला म्हणायचा. "माझ्या तोंडून एवढ्या वर्षांत कधी खोटं निघालं का गो? उपाशी राहीन, पण खोटं बोलायचा नाय."

भार्गवरावांनी तेवढा एक चाकू इतरांत ठेवला नव्हता. तो कोटाच्या खिशात असायचा. बोलता बोलता ते त्याच्याशी चाळा करायचे, अंगठ्याने ती खोलगट जागा चोळत राहायचे. केरूला वाटायचं, जाऊन तो अंगठाच पिरगाळावा. पण वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो चाकू केरूच्या हातात यायचा, आणि त्यासाठी तो वर्षभर मोर आणि सिंह कोरत बसायचा.

खंडेनवमीला प्रत्येकाने आपापली हत्यारं पुजायची. शेतकरी कोयती पुजतो, मेस्त्री करवत-पटाशी पुजतो. कारकुनाने दौत-टाक पुजावं की नाही? हे महाशय पाटावर सत्तावीस चाकू ओळीने मांडून त्यांना झेंडूची फुलं वाहायचे. लढाईला निघाले होते जसे! त्या दिवशी सकाळी केरू खोबरेलाची वाटी घेऊन यायचा आणि एकेका मुठीला तेल चोळायचा. शिंग म्हणजे शेवटी जनावराचं नखच. ते कोरडं पडलं की त्याला कसर लागते, लोकरीच्या शाली खाणारी बारीक अळी असते तीच. हातात वागणाऱ्या मुठीला भीती नाही, माणसाच्या हाताचं तेलच तिला पुरतं. पडून राहिलेल्या मुठीला मात्र वर्षातून एकदा तरी तेल पाजावंच लागतं. विठूने हे केरूला लहानपणी शिकवलं होतं. भार्गवरावांना वाटायचं, तेल लावणं हा पूजेतलाच एक विधी आहे. केरूनेही कधी सांगितलं नाही, कारण विचारलं कोणी होतं?

सगळ्यांत शेवटी विठूचा चाकू. केरू त्याला सावकाश तेल लावायचा, अंगठा त्या जागेत ठेवून थोडा वेळ बसायचा आणि मग परत द्यायचा. दर वर्षी वाटायचं, आज घेऊन पळावं. दर वर्षी परत द्यायचा.

बत्तीस साली भार्गवरावांना पेन्शन बसली. कचेरी सुटली, आता मिरवायचं कुठे? त्यांनी मुंबईहून एक पेटी करून आणवली. सागवानी, वर काचेचं झाकण, कुलूप, आणि आत हिरव्या बनातीचं जाड अस्तर. त्या खंडेनवमीला केरू वाटी घेऊन आला तर भार्गवराव ओसरीवरूनच ओरडले, "अरे अरे, तिथेच थांब! ते तेलाचे हात आणू नकोस इकडे. बनातीला डाग पडतील. आता तेलबिल बंद. पेटी एकदा बंद केली की उघडायची नाही. खाऱ्या हवेने पाती गंजतात."

चार पाहुणे बसले होते. त्यांतला एक फिसकन हसला.

केरू पायरीवर उभा राहिला. पेटी त्याला तिथूनच दिसत होती. अस्तर अस्सल बनातीचं, म्हणजे शुद्ध लोकरीचं, हेही दिसत होतं. लोकर, वर कोरडं शिंग, वर काच, आणि उघडायची नाही. कसरीला पाट मांडून जेवायला बसवण्यासारखंच होतं ते. एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या जिभेवर आलं, आणि त्याने ते गिळलं.

"बरं, रावसाहेब," तो म्हणाला आणि वाटी घेऊन परत फिरला.

घरी येऊन त्याने राहीला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याच्या तोंडावर हसू होतं. "खाऊं दे कसर. मोर खाईल, सिंह खाईल, त्याच्या नावाची अक्षरं खाईल. मग बसूं दे बोंबलत."

"आवो, पण सांगून तरी यायचं," राही म्हणाली. "तुमच्याच हातचं काम हाय ना ते?"

"माझ्या हातचं असलं म्हणून काय झालं? त्याने मला पायरीवर उभा केला."

"आणि मामंजींचा चाकू?"

"तो त्याच्या खिशात असतो. चोवीस तास हात लागतो त्याला. त्याला काय धाड भरते?" केरूने हा विचार वाटेतच करून ठेवला होता. "मेलाच खोटारडा, तर त्याच्या पोरांकडून मागून घेईन. ती काय चाकू घेऊन बसणार हायत?"

राहीने पुन्हा एकदा सांगितलं, की राग आहे तो आहे, पण सांगून या. केरूने ऐकलं नाही.

पुढची तीन वर्षं तो त्या घराकडे फिरकला नाही. रस्त्यात भार्गवराव दिसले तर मान फिरवायचा. लोक सांगायचे, भार्गवराव खंडेनवमीला बंद पेटीच्या काचेवरच फूल वाहतात. केरूला हसू फुटायचं. कसर खालून खाते, बनातीच्या बाजूने, हे त्याला ठाऊक होतं. वरून मोर तसाच दिसत असणार, दिमाखात.

पस्तीस साली, खंडेनवमीच्या सकाळी, केरू पडवीत हत्यारं मांडत होता. राही सुपात झेंडूची फुलं निवडत होती. बघतात तो भार्गवराव स्वतः आलेले. पायांत वहाणा नाहीत, डोक्याला पगडी नाही, मागे गड्याच्या डोक्यावर ती पेटी. गड्याने पेटी उतरवली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

"केरू, बघ रे हे काय झालं," भार्गवराव म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं. "नातू हट्टाला पेटला, मोर हातात द्या म्हणून. उचलला तर…"

केरूने मोर उचलला. वरून मोर, खालून चाळण. बोटांच्या दाबानेच त्याचा पिसारा भुकटी होऊन बनातीवर पडला. सिंहाचं तेच, अक्षरांचं तेच. सव्वीस उघडी पाती आणि खाली रव्यासारखा भुगा. भार्गवराव रडत होते. साठीचा माणूस, नाक ओढत, लहान पोरासारखा! केरूला आतून गुदगुल्या होत होत्या. तीन वर्षं वाट बघितली होती या घटकेची. चांगली खोड मोडली! तो मनातल्या मनात म्हणाला, आता मोराला म्हणावं नाच.

मग त्याचं लक्ष पेटीच्या मधोमध गेलं. बनातीचीच एक छोटी गादी शिवलेली होती, आणि तिच्यावर काळीभोर मूठ, मधोमध मधासारखी पिवळी रेघ.

"हा आत कशाला ठेवलात?" केरू ओरडला. "हा तर खिशात असायचा ना तुमच्या?"

"असायचा," भार्गवराव म्हणाले. त्यांची नजर खाली गेली. "त्या दिवशी तू पायरीवरून परत गेलास ना, ते मनाला लागलं बघ. रात्री खिसा चाचपला तर मूठ झिजल्यासारखी वाटली. म्हटलं, हा चाकू आपला नाही. विठूने मला दिला नव्हता, मी खोटं बोललो. तुझा तुला मिळायला हवा, तोही जसाच्या तसा. म्हणून त्या दिवसापासून त्याला हात लावला नाही. खाली चिठ्ठी आहे बघ, माझ्या मागे केरूस द्यावा म्हणून."

माझ्या मागे! हयातीत द्यायला हात मोडले होते का याचे? केरूला पुन्हा संतापायचं होतं. पण तो संताप वरपर्यंत येईना. त्याने चाकू उचलला. सवयीने अंगठा त्या खोलगट जागेवर गेला, आणि जागा आत गेली. मूठ त्याच्या तळव्यात ओल्या वाळूसारखी विस्कटली. पितळेच्या दोन खिळ्या टप टप करत जमिनीवर पडल्या आणि हातात नुसतं पातं राहिलं. त्या पात्यावर विठूचं काहीच नव्हतं. ते विलायतेचं होतं.

केरूने भुगा खाली पडू नये म्हणून मूठ वळून धरली होती.

"केरू," भार्गवरावांनी डोळे पुसत विचारलं, "शिंगाला अशी कसर लागते, हे तुला ठाऊक होतं का रे?"

फुलं निवडणारे राहीचे हात थांबले.

"नाय, रावसाहेब," केरू म्हणाला. "मला काय ठाऊक असणार?"

भार्गवरावांनी मान हलवली. त्यांचा लगेच विश्वास बसला. "तुला तरी कसं कळणार म्हणा," ते म्हणाले, आणि उलट त्यांनीच त्याच्या खांद्यावर तो मऊ हात ठेवला.

राहीने सूप उचललं आणि ती आत निघून गेली. दुपारी तिने केरूला जेवायला वाढलं, पण त्याच्याकडे वर मान करून बघितलं नाही.